रोमचे सीझर आणि बीदरचे सुलतान



दिवसभर उन्हाने जीव कासावीस झाल्यावर संध्याकाळी गोदावरीवरून येणाऱ्या वाऱ्यात चार ज्ञानाच्या गोष्टी ऐकाव्यात, ह्या हेतूने आपण येथे जमता. अशा वेळी आम्ही दुष्ट राजांच्या कथा घेऊन यावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण दुष्ट राजांच्या कथा माणसाला नेहमीच आवडत आल्या आहेत. रावणाचे आख्यान लावले की कीर्तनकाराला श्रोते अधिक मिळतात. आमचा हेतू मात्र नुसते मनोरंजन करण्याचा नाही. ह्या कथा खऱ्या किती, रचलेल्या किती, आणि खऱ्या असतील तर असे राजे निपजतात कसे, ह्या दोन प्रश्नांचा थोडा विचार करावा, असा आमचा मानस आहे.

रोमचा आणि आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो लातूरपासून फार दूर नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर आपल्याला गोरोबा काकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. ह्या तेराचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचा वृत्तांत लिहून ठेवला. त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात तो सांगतो की, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे. पैठणाहून अकीकासारखे दगड आणि तगराहून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई, आणि तेथून गलबतांत चढे. हा काळ क्लॉडियस आणि नीरो ह्या रोमच्या बादशहांचा. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने तर तक्रारच केली आहे की, दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स एकटा हिंदुस्थान आमच्याकडून ओढून नेतो. तेव्हा रोमच्या श्रीमंतीचा जो थाट आपण आज ऐकणार आहोत, त्यातला एखादा धागा आपल्या तेरच्या मागावर विणला गेला असेल, असे म्हणायला हरकत नाही.

आता रोमकडे वळू. ऑगस्टसने इ. स. पूर्व २७ मध्ये सत्ता आपल्या हाती पक्की केली. तो मोठा धोरणी पुरुष. त्याने स्वतःला राजा म्हणवून घेतले नाही. सेनेट, म्हणजे तिथले सरदारमंडळ, होते तसे ठेवले, निवडणुका ठेवल्या, जुने हुद्दे ठेवले, आणि सगळ्यांचे प्राण मात्र स्वतःच्या मुठीत ठेवले. देव्हारा जुना, आतला देव नवा! तो शहाणा होता म्हणून राज्य नीट चालले. पण इ. स. १४ मध्ये तो गेला आणि त्याने घडविलेली ही अमर्याद सत्ता वारसाने येईल त्याच्या हाती पडू लागली.

पहिला आला तिबेरियस. मोठा सेनापती, पण मनाचा कोंदट आणि संशयी. इ. स. २६ मध्ये तो रोम सोडून काप्री बेटावर जाऊन बसला आणि पुन्हा कधी राजधानीत आला नाही. राज्य चाले ते चिठ्ठ्यांवर आणि चुगल्यांवर. राजद्रोहाचा एक कायदा होता, त्याचा फास इतका ताणला गेला की, कोणी काय बोलला एवढ्यावर माणसांचे प्राण जाऊ लागले. चुगली करणाराला आरोपीच्या मालमत्तेचा वाटा मिळे. मग चुगल्यांना काय तोटा?

त्याच्यामागून इ. स. ३७ मध्ये कॅलिगुला आला. वय वर्षे चोवीस. लहानपणी बापाबरोबर छावणीत असताना त्याच्या पायांत चिमुकले लष्करी बूट घालीत, म्हणून शिपायांनी लाडाने ठेवलेले हे नाव. सुरुवातीचे काही महिने लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचले. पुढे तो आजारी पडला, आणि आजारातून उठला तो निराळाच माणूस, असे चरित्रकार सांगतात. तिबेरियसने साठविलेले २७० कोटी सेस्टर्स त्याने वर्षाच्या आत उडविले म्हणे. त्या काळी रोमच्या पलटणीतल्या साध्या शिपायाला वर्षाला नऊशे सेस्टर्स मिळत. म्हणजे ही रक्कम तीस लाख शिपायांच्या वर्षाच्या पगाराइतकी झाली! त्याने समुद्राच्या खाडीवर नावांचा पूल बांधून त्यावरून घोडा दौडविला. आवडत्या घोड्याला संगमरवरी तबेला आणि हस्तिदंती गव्हाण केली, आणि त्या घोड्याला कॉन्सल, म्हणजे राज्यातला सर्वांत मोठा अधिकारी, करण्याचे त्याच्या मनात होते, असेही लिहिले आहे. अखेर इ. स. ४१ च्या जानेवारीत, ज्याची तो रोज टिंगल करी त्या पहारेकऱ्यांच्या नायकानेच त्याला ठार केले.

पुढे काय झाले पाहा. राजवाड्यात धावपळ चालली असता एका शिपायाला पडद्याआड लपलेला एक प्रौढ गृहस्थ सापडला. तो कॅलिगुलाचा चुलता क्लॉडियस. पहारेकऱ्यांनी त्यालाच बादशहा केले, आणि त्याने प्रत्येक पहारेकऱ्याला पंधरा पंधरा हजार सेस्टर्स देण्याचे कबूल केले. साऱ्या भूमध्य समुद्राभोवतीचे साम्राज्य, आणि त्याचा धनी ठरतो पडद्याआड कोण सापडला त्यावरून!

क्लॉडियसनंतर, इ. स. ५४ मध्ये, नीरो आला. वय सोळा-सतरा. सेनेका हा त्या काळचा नामांकित तत्त्वज्ञ त्याचा गुरू आणि सल्लागार. पहिली काही वर्षे बरी गेली. मग इ. स. ५९ मध्ये नीरोने आईला मारविले, ६२ मध्ये बायकोला, आणि ६५ मध्ये एका कटाचे निमित्त होऊन सेनेकाला स्वतःच्या हाताने शिरा कापून मरण्याची आज्ञा केली. इ. स. ६४ मध्ये रोमला आग लागली. शहराच्या चौदा भागांपैकी तीन बेचिराख झाले, सात अर्धवट जळाले, चारच वाचले. आणि त्या जळक्या जागेवर नीरोने आपला सुवर्णमहाल उभा केला. इ. स. ६८ मध्ये पलटणी उलटल्या आणि त्याने आत्महत्या केली.

रोमची हकीकत येथे क्षणभर ठेवू आणि घराजवळ येऊ. नांदेडाहून देगलूर-उदगीरच्या बाजूने दक्षिणेकडे निघाले की बीदर लागते. आज ते कर्नाटकात आहे. पण १९५६ पर्यंत बीदर आणि नांदेड एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे होते, आणि पंधराव्या शतकात तर आपल्या ह्या मुलखाचे भवितव्य बीदरच्या किल्ल्यातच ठरत असे. बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले. १४२२ मध्ये गादीवर आलेल्या अहमदशहा वलीने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली. त्याचा नातू हुमायून. हा १४५८ मध्ये तख्तावर बसला आणि १४६१ मध्ये मेला. अवघी साडेतीन वर्षे. पण तेवढ्यात इतिहासाने त्याच्या नावाला जे विशेषण चिकटविले ते आजतागायत सुटले नाही: 'जालिम'.

ह्याची सुरुवातही रोमसारखीच आहे. बाप मरताच काही सरदारांनी हुमायूनला वगळून त्याचा धाकटा भाऊ हसनखान ह्याला तख्तावर बसविण्याचा घाट घातला. हुमायूनने राजवाड्यात घुसून तख्त काबीज केले, आणि भावाचे डोळे काढून त्याला कैदेत टाकले. पुढे सुलतान तेलंगणाच्या मोहिमेत गुंतला असता बीदरला तुरुंग फुटला आणि आंधळा हसनखान बाहेर पडला. त्याने कोठे ठाण मांडावे? आपल्या बीडला! तेथे त्याच्या नावाची द्वाही फिरली. लढाई झाली, पहिल्यांदा सुलतानाची फौज हरली, दुसऱ्यांदा जिंकली. हसनखान पळाला तो विजापुराकडे. तेथल्या किल्लेदाराने आत घेऊन दगा केला आणि त्याला बांधून बीदरला पाठविले.

ह्यानंतर बीदरच्या चौकात जे घडले त्याचे वर्णन फिरिश्ता हा इतिहासकार करतो. हसनखानाला वाघापुढे टाकले. त्याच्या साथीदारांना, त्यांच्या बायकापोरांना, इतकेच काय घरच्या गड्यामाणसांना उकळत्या तेलाच्या कढया आणि हिंस्र जनावरे ह्यांच्या स्वाधीन केले. ज्याच्या पहाऱ्यातून कैदी सुटले त्या कोतवालाला लोखंडी पिंजऱ्यात घालून त्याचे अवयव तोडले. दरबारास जाणारा सरदार घरच्या माणसांचा शेवटचा निरोप घेऊनच बाहेर पडे, असेही तो लिहितो. रस्त्यातून जाणारी नवरीची वरात अडवून सुलतान तिला राजवाड्यात नेई, ही कथाही त्याचीच. शेवटी तो कसा मेला, ह्याबद्दल दोन हकीकती आहेत. आजाराने मेला ही एक, आणि दारूच्या धुंदीत असताना राजवाड्यातल्या एका दासीने त्याला मारले ही दुसरी.

बीदरजवळ अष्टूर येथे बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. आजोबा अहमदशहा वलीच्या घुमटाच्या आतले रंगकाम अजून डोळ्यांत भरते. तेथे दरसाल उरूस भरतो, आणि त्या उरुसात लिंगायत जंगमाचा मान असतो. जवळच नातवाची, हुमायूनची, कबर आहे. वीज पडून तिचा घुमट उभा चिरला गेला आणि निम्माच उरला. आजोबाच्या कबरीवर हिंदू-मुसलमान दोघे फुले वाहतात आणि नातवाच्या कबरीवर आकाशाने घाव घातला, असे पाहणाऱ्याच्या मनात येते. वीज काही इतिहास वाचून पडत नाही. पण लोकांनी तिच्यातून न्याय वाचला, ही गोष्टसुद्धा इतिहासाचाच भाग आहे.

आता आमच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. ह्या कथा खऱ्या किती?

कॅलिगुला आणि नीरो ह्यांची चरित्रे लिहिणारा स्वेटोनियस जन्मला नीरोच्या मृत्यूनंतर, आणि त्याने लिहिले आणखी पन्नास वर्षांनी. टॅसिटस हा त्याच्याहून थोर इतिहासकार. तो स्वतःच सांगून ठेवतो की, हे बादशहा जिवंत असता त्यांचे इतिहास भीतीने खोटे झाले आणि मेल्यावर द्वेषाने. शिवाय हे लेखक सरदारवर्गाचे किंवा त्याच्या जवळचे, आणि बादशहांचा जाच सर्वांत जास्त झाला तो ह्याच वर्गाला. घोड्याला कॉन्सल करण्याची गोष्ट घ्या. तसे झाले, असे जुना लेखकही म्हणत नाही. तसे मनात होते म्हणतात, एवढेच तो म्हणतो. सरदारांना चिडविण्यासाठी तरुण बादशहाने केलेली ती क्रूर थट्टा असावी. खजिना साफ रिकामा केला म्हणावे, तर लगेच दुसऱ्या वर्षी नव्हे, त्याच आठवड्यात क्लॉडियसने हजारो पहारेकऱ्यांना पंधरा हजारांचे वचन कशाच्या जोरावर दिले? नीरोचेही तसेच. रोम जळत असता तो फिडल वाजवीत होता, हे वाक्य शाळेतल्या पोरालाही येते. पण फिडल तेव्हा जन्मलेच नव्हते. टॅसिटसच्या म्हणण्याप्रमाणे आग लागली तेव्हा नीरो शहरात नव्हता, आणि आल्यावर त्याने बेघरांसाठी आपल्या बागा उघडल्या आणि धान्याचा भाव उतरविला. आगीच्या वेळी तो गात होता, ही अफवा होती, असे तोच नमूद करतो.

बीदरचेही असेच आहे. फिरिश्त्याने आपला ग्रंथ लिहिला तो सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या दरबारात, म्हणजे हुमायूनच्या मागून जवळजवळ दीडशे वर्षांनी. बहमनी दरबारात दोन तट होते. येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेले ते दखनी, आणि इराण-तुराणातून नव्याने आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी. फिरिश्ता स्वतः परदेशी तटातला. आणि हसनखानाच्या बंडात जे मारले गेले त्यांत शाह हबीबुल्ला होता. किर्मानच्या प्रसिद्ध सत्पुरुषाच्या घराण्यातला हा पुरुष परदेश्यांना फार पूज्य. तेव्हा त्या तटाच्या लेखण्या हुमायूनवर तुटून पडल्या असल्यास नवल नाही. उस्मानिया विद्यापीठाचे प्राध्यापक हारून खान शेरवानी ह्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहमनींच्या इतिहासात हा मुद्दा मांडला, आणि हुमायूनच्या प्रधानाने लिहिलेल्या पत्रांत राक्षसाचे चित्र दिसत नाही, इकडे लक्ष वेधले.

आम्हाला शेरवानींचा इशारा मोलाचा वाटतो, पण पुरता गळी उतरत नाही. प्रधान आपल्या धन्याला पत्रात जालिम म्हणेल तरी कसा? वरातींच्या कथा, कढयांची संख्या, दासीचा सुरा हे सगळे बाजूला ठेवले, तरी उरते काय? सख्ख्या भावाचे डोळे काढणे आणि त्याला भर चौकात जनावरापुढे टाकणे. नीरोच्या बाबतीत आग आणि गाणे वगळले, तरी आई, बायको आणि गुरू हे तीन जीव उरतातच. कथांतले तिखटमीठ झाडून काढल्यावर ताटात जे उरते तेवढ्यानेही अन्न विषारी ठरते. इतिहास चाळणीने चाळावा, तो राजाला सोडवण्यासाठी नव्हे. अफवेला झोडपण्यात वेळ गेला की खरा गुन्हा तसाच निसटतो, म्हणून.

आणि एक साक्षीदार असा आहे की, ज्याला दखनी आणि परदेशी दोन्ही सारखेच. अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास बीदरला येऊन राहिला. एक घोडा विकायला आणलेला हा गरीब माणूस. तेव्हा हुमायूनचा धाकटा मुलगा तिसरा मुहंमदशहा तख्तावर होता. सुलतान शिकारीला निघाला की बरोबर दहा हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि सोन्याने मढविलेले दोनशे हत्ती, असे तो लिहितो. सरदार चांदीच्या पलंगांवर बसून फिरतात, पुढे सोन्याच्या साजाचे घोडे चालतात. आणि त्याच ओघात तो एक गोष्ट नोंदवून जातो: खेड्यापाड्यांतली माणसे फार हलाखीत आहेत. दरबारी इतिहासकाराला जे दिसले नाही, ते घोडेविक्याला दिसले! पुढे काही वर्षांतच पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला.

आपल्या लोकांनी बीदरचा बादशहा कसा लक्षात ठेवला, हे येथे आठवण्यासारखे आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेला मोकळी केली, बेदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम केला, आणि विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला व सारी रक्कम भरून आला. ही कथा महिपतीने १७६२ मध्ये 'भक्तविजया'त गुंफली आणि ती घरोघर गेली. बादशहाचे नाव काय, तो दारू किती पीत असे, ह्याची रयतेला पर्वा नव्हती. तिला ठाऊक होते ते एकच: कोठार भरलेले आहे, आपले पोट रिकामे आहे, आणि कुलूप उघडणाऱ्याचे डोके जागेवर राहील की नाही ह्याचा भरवसा नाही. राजाच्या चैनीचा आणि जुलमाचा खरा हिशेब ह्या कोठाराशी मांडायचा असतो.

आता दुसरा प्रश्न. असे राजे निपजतात कसे? स्वभावाने, असे सोपे उत्तर आहे. पण चाळीस वर्षांत रोमच्या गादीवर असे तीन स्वभाव ओळीने यावेत, आणि बीदरला बापामागून मुलगाही त्याच वाटेने जावा, हा केवळ योगायोग असेल काय? त्या मुलाची हकीकत ऐका, म्हणजे आमचे म्हणणे ध्यानात येईल.

हुमायून मेला तेव्हा त्याची मुले लहान होती. कारभार तिघांनी मिळून चालविला: राजमाता मखदूमा-ए-जहान, ख्वाजा जहान तुर्क, आणि ख्वाजा महमूद गावान. माळव्याच्या सुलतानाने बीदरपर्यंत धडक मारली ती ह्याच तिघांनी परतविली. तिघांना एकमेकांस विचारावे लागे, म्हणून काही काळ राज्य सावरले. पण ही व्यवस्था माणसांच्या मर्जीवर उभी होती. तिघांपैकी ख्वाजा जहानचा दरबारातच वध झाला, राणी कारभारातून दूर झाली, आणि उरला महमूद गावान.

हा इराणातल्या गिलानचा व्यापारी. दाभोळ बंदरात उतरून दख्खनेत आला. मोठा विद्वान. १४७२ मध्ये त्याने बीदरला बांधलेला मदरसा, मोडका का होईना, आजही उभा आहे. त्याने राज्याच्या चार सुभ्यांचे आठ केले. वऱ्हाडचे दोन तुकडे पडले, एक गाविलगडचा आणि दुसरा माहूरचा. आपल्या जिल्ह्यातले माहूर, रेणुकेचे माहूर, हे त्या काळी सुभ्याचे ठाणे झाले ते असे. प्रत्येक सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. सुभेदारांची बंडे मोडण्याचा हा शहाणपणाचा उपाय होता. पण गावानने सरदारांना वेसण घातली ती सगळी दोरी सुलतानाच्या हाती दिली. सुलतानाला वेसण कोणी घालावी, ह्याची तजवीज त्या शहाण्या पुरुषालाही करता आली नाही.

दुखावलेल्या सरदारांनी गावानच्या शिक्क्याच्या गुलामाला फितविले आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले, आणि सुलतान दारूच्या अमलात असताना ते पुढे केले. १४८१ च्या एप्रिलची ५ तारीख, मुक्काम कोंडपल्ली. सुलतानाने विचारले, धन्याशी बेइमानी करणाऱ्यास शिक्षा काय? गावान म्हणाला, तलवार. पत्र दाखविले. तो म्हणाला, शिक्का माझा आहे, अक्षर माझे नाही. चौकशी नाही, साक्षी नाहीत. सुलतान उठून गेला आणि जौहर नावाच्या गुलामाने त्या सत्तरीपलीकडच्या म्हाताऱ्याची मान उडविली. मग खजिन्याचा लोभ सुटून झडती घेतली, तो पैसा जवळजवळ नाहीच. सैन्याचे सैन्याला आणि गरिबांचे गरिबांना गेले होते. स्वतःचा खर्च हा प्रधान जुन्या व्यापाराच्या भांडवलावर चालवी.

येथे सेनेकाची आठवण होते. दोघेही विद्वान, दोघांच्याही नजरेखाली त्यांचा धनी लहानाचा मोठा झाला, आणि दोघेही त्याच्याच हुकुमाने मेले. सेनेकाजवळ तीस कोटी सेस्टर्स असल्याचे त्याचे शत्रू म्हणत. गावानजवळ काहीच नव्हते. संपत्ती असून एक वाचला नाही आणि निःस्पृह राहून दुसरा वाचला नाही. तात्पर्य, चांगला गुरू आणि चांगला प्रधान एवढ्याने भागत नाही. ज्याचे 'नाही' ऐकण्याची सत्ताधाऱ्याला सक्ती नाही, त्या माणसाचा शहाणपणा धन्याच्या मर्जीचा भाडेकरू असतो. रोममध्ये वारसाचा कायदा नव्हता. बीदरलाही नव्हता. म्हणून प्रत्येक भाऊ शत्रू, प्रत्येक मूठभर पहारेकरी राजे घडविणारे, आणि प्रत्येक राजा भयाने पछाडलेला. भय आणि अमर्याद सत्ता एका माणसात एकत्र आली की तिबेरियसही घडतो आणि हुमायूनही. स्वभाव फक्त त्याचा रंग ठरवितो.

सुलतानाला पश्चात्ताप झाला. गावान आपल्याला ओढून नेतो आहे, असे ओरडत तो वर्षाच्या आत, १४८२ च्या मार्चमध्ये मेला. राज्यही फार टिकले नाही. सुभेदार स्वतंत्र झाले आणि एका राज्याची पाच राज्ये झाली. आपले कंधार, उदगीर आणि औसा ज्या कासिम बरीदच्या जहागिरीत होते, त्याने बीदरच्या सुलतानाला बाहुले करून ठेवले. रोमलाही नीरोनंतर एका वर्षात चार बादशहा झाले. एका रात्रीच्या दारूची किंमत पुढे शंभर वर्षे लढायांच्या रूपाने आपल्या गावांनी मोजली.

बंधुभगिनींनो, ही फार जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणू नये. ह्या नांदेडात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत एका माणसाचे फर्मान हाच शेवटचा कायदा होता. राज्यातला केवढा तरी मुलूख 'सर्फेखास' म्हणून त्या एका माणसाच्या खासगी खर्चाकडे लावलेला होता. हा शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने मागणी केली ती कोणती? निजामाच्या जागी दुसरा भला राजा द्या, अशी नव्हती. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. राज्य करणाराने रयतेला जाब द्यावा, एवढेच मागणे. संस्था जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी आली, आणि माणसे तुरुंगात गेली. १९५० मध्ये ह्याच नांदेडात शिक्षणसंस्था उभी करणारे स्वामी रामानंद तीर्थ त्या लढ्याचे धुरीण होते. त्यांच्या मागणीत जे दोन शब्द होते, ते रोमच्या सेनेटला कळले असते तर नीरो एक वाईट गवई म्हणून मेला असता, आणि बीदरच्या दरबाराला कळले असते तर त्या म्हाताऱ्या प्रधानाला आपले अक्षर पंचांपुढे ठेवता आले असते.

आज आपल्यावर राजा नाही. पण कोरा कागद आणि त्यावर उमटवायला मिळणारा शिक्का ह्या वस्तू जगातून गेलेल्या नाहीत. चुगलीला वाटा देणारेही गेलेले नाहीत, आणि आपल्या तटाचा आहे म्हणून जुलमाला झाकणारी किंवा दुसऱ्या तटाचा आहे म्हणून तिखटमीठ लावणारी लेखणीही गेलेली नाही. सत्ताधारी भला आहे की बुरा, हे विचारावेच. पण त्याआधी, त्याला 'नाही' कोण म्हणू शकतो आणि म्हटल्यावर तो माणूस सुखरूप घरी जातो काय, हे विचारावे. ज्या राज्यात ह्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असते, तेथे वाईट राजासुद्धा फार वाईट होऊ शकत नाही. उत्तर 'नाही' असले, तर चांगल्याचाही भरवसा धरू नये.